पोर्ट एकसारखी, वेग वेगळे

लग्नाच्या चित्रीकरणाच्या १०० जीबी फाइल्स लॅपटॉपमधून बाहेरच्या एसएसडीवर उतरवायच्या आहेत असे धरू. पोर्ट यूएसबी २.० चे असेल तर प्रत्यक्षात सेकंदाला ३५ ते ४० एमबी एवढाच वेग मिळतो, म्हणजे पाऊण तास तरी बसून राहावे लागते. तीच एसएसडी, तीच केबल शेजारच्या ३.० च्या पोर्टात घातली तर काम चार-पाच मिनिटांत उरकते. दोन्ही पोर्टांत बोटभर अंतर, आकार तोच, आणि संगणक दोन्हीकडे बिनतक्रार काम करतो. वैतागलेला माणूस मग दोष देतो तो डिस्कला, अँटिव्हायरसला, नाही तर लॅपटॉपच्या वयाला. पोर्टाकडे संशयाने कुणी पाहत नाही.

आपल्या संगणकाचे पोर्ट कोणत्या यूएसबीचे, हे ओळखायचे मार्ग बरेच सांगितले जातात. आतला रंग बघा, शेजारची खूण बघा, कंपनीचे माहितीपत्रक वाचा, डिव्हाइस मॅनेजर उघडा. यातला प्रत्येक मार्ग काही ठिकाणी खरा ठरतो आणि काही ठिकाणी साफ फसवतो. तो कुठे फसवतो हे ठाऊक असल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. आणि या सगळ्याच्या मुळाशी एक अडचण आहे: ‘आवृत्ती कोणती’ हा प्रश्नच आता नीट उत्तर देण्याजोगा राहिलेला नाही. विचारायला हवे ते ‘सेकंदाला किती गिगाबिट’.

असे का झाले ते कळायला थोडे मागे जावे लागते. यूएसबीचे काम १९९४ च्या सुमारास सुरू झाले. तेव्हा संगणकाच्या मागे कीबोर्डला एक जागा, माउसला दुसरी, प्रिंटरला रुंद पॅरलल पोर्ट आणि मोडेमला सीरियल पोर्ट असा पसारा असे. कॉम्पॅक, डीईसी, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये पहिली आवृत्ती आली. इंटेलमध्ये या कामाच्या अग्रभागी असलेले अजय भट्ट हे वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. पहिल्या यूएसबीचा कमाल वेग सेकंदाला १२ मेगाबिट होता. एप्रिल २००० मध्ये २.० आली ती ४८० मेगाबिटची आणि नोव्हेंबर २००८ मध्ये ३.० आली ती ५ गिगाबिटची. हे सगळे आकडे बिटचे आहेत. बाइटमध्ये मोजायचे तर आठाने भागावे लागते, आणि त्यातूनही संकेतनाचा आणि देवाणघेवाणीचा खर्च वजा होतो.

या रचनेचे सर्वांत मोठे यश म्हणजे जुने उपकरण नव्या पोर्टात आणि नवे उपकरण जुन्या पोर्टात चालते. वीस वर्षांपूर्वीचा पेनड्राइव्ह आजच्या डेस्कटॉपवर उघडतो, हे तंत्रज्ञानाच्या जगात दुर्मीळ आहे आणि त्याबद्दल या मंडळींचे मनापासून आभार मानले पाहिजेत. पण ज्या सोयीने हे साधले तिनेच आपला प्रश्न निर्माण केला. दोन टोकांचे जमत नसेल तर यूएसबी तक्रार करत नाही, गुपचूप खालच्या वेगावर येते. विंडोज एक्सपीच्या काळात निदान ‘हे उपकरण अधिक वेगाने चालू शकते’ असा फुगा पडद्याच्या कोपऱ्यात येत असे. आता बहुतेक वेळा तेवढेही कळत नाही.

नावांचा घोळ हा मात्र नंतर, हाताने घातलेला आहे. २०१३ मध्ये १० गिगाबिटची ३.१ आली तेव्हा जुन्या ३.० चे नामकरण ‘३.१ जेन १’ असे झाले आणि नवी झाली ‘३.१ जेन २’. २०१७ मध्ये ३.२ आली आणि पुन्हा सगळ्यांची नावे बदलली. ५ गिगाबिट म्हणजे ‘३.२ जेन १’, १० गिगाबिट म्हणजे ‘३.२ जेन २’, आणि दोन मार्गिका एकत्र वापरून मिळणारे २० गिगाबिट म्हणजे ‘३.२ जेन २×२’. परिणाम असा की आज दुकानात पेनड्राइव्हच्या वेष्टनावर ठळक ‘यूएसबी ३.२’ छापलेले असते आणि आत वेग २००८ सालचाच, ५ गिगाबिटचा, असू शकतो. हे नियमात बसते. लॅपटॉपच्या जाहिरातीत नुसते ‘३.२’ लिहिले असेल तर त्याचा अर्थ ५, १० किंवा २० यांपैकी काहीही होऊ शकतो. २०१९ मध्ये यूएसबी ४ आली. तीत किमान २० आणि कमाल ४० गिगाबिट असे दोन प्रकार, आणि २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीत ८० गिगाबिट. त्याच २०२२ मध्ये यूएसबीचे मानक सांभाळणाऱ्या यूएसबी इम्प्लिमेंटर्स फोरमने आवृत्त्यांची नावे ग्राहकापुढे न आणता ‘यूएसबी ५ जीबीपीएस’, ‘यूएसबी २० जीबीपीएस’ असे सरळ वेगच छापा, असे कंपन्यांना सांगितले. हा निर्णय योग्य आहे, पण तो यायला ३.० नंतर चौदा वर्षे लागली आणि तोवर घराघरांत गेलेल्या यंत्रांवरची नावे काही त्याने बदलली नाहीत. नाव बदलून जुना माल नवा भासावा अशी सोय ज्या संस्थेने केली, तिने सामान्य खरेदीदाराचे नुकसान केले, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता डोळ्यांनी काय दिसते ते पाहू. चौकोनी, जुन्या आकाराच्या पोर्टाला टाइप ए म्हणतात. त्याच्या तोंडातली प्लास्टिकची जीभ निळी असेल तर ते बहुधा ३.० किंवा वरचे. हा निळा रंग ३.० च्या मानकातच सुचवलेला आहे, अगदी छटेसकट. पण तो सुचवलेला आहे, सक्तीचा नाही. काळी जीभ असलेले पोर्ट २.० चे असेल असा जो सरधोपट नियम सांगितला जातो तो लॅपटॉपवर टिकत नाही. यंत्राच्या रंगसंगतीसाठी कित्येक कंपन्या ५ गिगाबिटचे पोर्टही काळेच ठेवतात. हिरवट निळा रंग अनेकदा १० गिगाबिटसाठी दिसतो. लाल, पिवळा, नारिंगी हे ज्या त्या कंपनीच्या मर्जीवर. यंत्र झोपलेले असतानाही फोन चार्ज होणारे पोर्ट पिवळे किंवा लाल करण्याची पद्धत काहींनी पाडली आहे, पण त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नये.

रंगापेक्षा पिना जास्त विश्वासार्ह. मोबाइलची टॉर्च लावून टाइप ए पोर्टात तिरके पाहा. जिभेवर आतल्या बाजूला चार लांब पट्ट्या दिसतील. त्या पहिल्या यूएसबीपासूनच्या: कडेच्या दोन विजेच्या, मधल्या दोन माहितीच्या. पोर्ट ३.० किंवा त्यावरचे असेल तर त्यांच्या पुढे, जिभेच्या टोकाकडे, पाच छोट्या पट्ट्यांची दुसरी ओळ असते. वाढीव वेग या पाचांवरूनच येतो. दुसरी ओळ नसेल तर रंग कोणताही असो, ते पोर्ट २.० च्या पुढचे नाही. असेल तर ५ की १० हे मात्र पिनांवरून कळत नाही, दोन्हींची मांडणी एकच आहे.

या दोन ओळींमुळे होणारा एक प्रकार फार थोड्यांना माहीत असतो. प्लग अगदी हळूहळू आत सरकवला तर जुन्या चार पट्ट्या आधी टेकतात. संगणक तेवढ्यावर उपकरणाशी बोलायला लागतो आणि २.० चा दुवा पक्का करतो. नव्या पाच नंतर जुळतात तोवर उशीर झालेला असतो. चांगल्या पोर्टात चांगली डिस्क असूनही वेग मिळत नसेल तर ती नीट बाहेर काढून एका झटक्यात पुन्हा घालावी. कित्येकदा तेवढ्यानेच काम होते.

पोर्टाशेजारच्या खुणा वाचता आल्या तर उत्तम. त्रिशूळासारखी खूण नुसती यूएसबी दाखवते. तिच्यासोबत ‘एसएस’ ही इंग्रजी आद्याक्षरे असतील तर ५ गिगाबिट, आणि त्यांना १० चा आकडा जोडलेला असेल तर १० गिगाबिट. विजेच्या खुणेबाबत सावध राहावे. बाणाचे टोक असलेली वीज टाइप सी पोर्टाजवळ एकटी असेल तर ते थंडरबोल्ट या वेगळ्या मानकाचे, त्याची तिसरी आणि चौथी पिढी ४० गिगाबिटपर्यंत जाते. तीच वीज त्रिशूळाशेजारी टाइप ए पोर्टावर असेल तर अर्थ फक्त जास्तीच्या चार्जिंगचा. बॅटरीचे चित्रही चार्जिंगचेच.

सगळ्यात मोठा सापळा टाइप सीचा. २०१४ मध्ये आलेला हा लंबगोल, दोन्ही बाजूंनी बसणारा आकार पाहून लोकांना तो आपोआप वेगवान वाटतो. टाइप सी हे निव्वळ आकाराचे नाव आहे. त्याच्या २४ पिनांपैकी किती जोडायच्या हे यंत्र बनवणारा ठरवतो. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या आयफोन १५ चे टाइप सी पोर्ट २.० च्या, म्हणजे ४८० मेगाबिटच्या वेगाचे आहे. त्याच दिवशी जाहीर झालेल्या १५ प्रोचे १० गिगाबिटचे आहे, आणि त्या प्रोच्या खोक्यात दिलेली केबल मात्र २.० चीच आहे. २०२२ च्या दहाव्या पिढीच्या आयपॅडचे टाइप सी पोर्टही ४८० मेगाबिटचेच. रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर ५ गिगाबिट मिळतात ते दोन निळ्या टाइप ए पोर्टांवर. त्याचे टाइप सी पोर्ट मुख्यतः वीज घेण्यासाठी आहे. एकाच यंत्रावरची दोन टाइप सी पोर्टसुद्धा सारखी असतीलच असे नाही. ॲपलच्या २०२२ च्या मॅक स्टुडिओमध्ये एम१ मॅक्स चिप असेल तर समोरची टाइप सी पोर्ट १० गिगाबिटची आणि मागची ४० गिगाबिटची. एम१ अल्ट्रा असेल तर समोरचीही ४० ची. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीही कळणार नाही.

याच जागी केबलचा मुद्दा येतो. फोनसोबत मिळणाऱ्या बहुसंख्य टाइप सी केबलींमध्ये वेगवान माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. चार्जिंगला त्यांची गरज नाही, आणि त्या नसल्या की केबल स्वस्त आणि मऊ होते. अशी केबल ४० गिगाबिटच्या पोर्टात लावली तरी वेग ४८० मेगाबिटवरच अडतो. तेव्हा पोर्टाची परीक्षा करायची तर एसएसडीसोबत आलेली, आखूड, वेग छापलेली केबल वापरावी. हबचेही तसेच. टाइप सीचे काही स्वस्त हब बाहेरच्या मॉनिटरला ६० हर्ट्झवर ४के चित्र देण्यासाठी सगळ्या वेगवान तारा चित्रालाच देऊन टाकतात, आणि मग त्यांच्या यूएसबी पोर्टांना २.० पलीकडे काही उरत नाही.

डेस्कटॉपवाल्यांनी एक गोष्ट उघडून पाहावी. कॅबिनेटच्या समोरची पोर्ट मदरबोर्डवर थेट नसतात, आतल्या केबलीने जोडलेली असतात. २.० साठी नऊ पिनांचा छोटा कनेक्टर असतो आणि ३.० साठी एकोणीस पिनांचा जाड, ताठ कनेक्टर. मदरबोर्ड जुना आणि कॅबिनेट नवे असेल तर जोडणारा माणूस बाजारात मिळणारा अडॅप्टर लावून ३.० ची केबल २.० च्या पिनांवर बसवतो. समोर निळे पोर्ट, आत नऊच्या नऊ पट्ट्या, टॉर्चची परीक्षाही उत्तीर्ण, आणि वेग ४८० मेगाबिट. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आणखी कुठे सुटे भाग जोडून घेतलेल्या संगणकात हे पाहायला हवेच.

म्हणून शेवटी विचारायचे ते संगणकालाच. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून यूएसबी कंट्रोलर्सची यादी पाहावी, असे सर्वत्र सांगतात. तिथे ‘एन्हान्स्ड’ हा शब्द असलेला कंट्रोलर २.० चा आणि ‘एक्स्टेन्सिबल’ असलेला ३.० किंवा पुढचा. इथवर बरोबर. पण त्याच ओळीत पुढे १.० किंवा १.१० असा जो आकडा दिसतो तो कंट्रोलरशी बोलण्याच्या पद्धतीचा आहे, पोर्टाच्या वेगाचा नव्हे. शिवाय ही यादी यंत्रात कोणता कंट्रोलर आहे एवढेच सांगते, कोणते पोर्ट त्याच्या वेगवान तारांना जोडले आहे ते सांगत नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचेच यूएसबी व्ह्यू हे साधन जास्त कामाचे. त्यात प्रत्येक पोर्टावर क्लिक केले की ते पोर्ट कोणते यूएसबी चालवू शकते, लावलेले उपकरण सुपरस्पीडला, म्हणजे ३.० च्या वेगाला, सक्षम आहे का, आणि या क्षणी ते त्या वेगाने चालले आहे का, अशी तीन वेगळी उत्तरे मिळतात. ‘सक्षम आहे’ला होय आणि ‘चालले आहे’ला नाही असे आले की दोष पोर्टात, केबलीत किंवा जोडणीत आहे हे पक्के. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जच्या ब्लूटूथ आणि उपकरणांच्या भागात यूएसबीचे पान असते, यूएसबी ४ असल्यास तेही तिथे दिसते.

मॅकवर सिस्टीम रिपोर्टमध्ये यूएसबीच्या भागात प्रत्येक उपकरणापुढे जुळलेला वेग थेट लिहिलेला असतो. उपकरण लावून पाहावे, झाले.

लिनक्सवर सगळ्यात प्रामाणिक उत्तर मिळते. टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी ही आज्ञा हायफन टी जोडून दिली की सगळ्या पोर्टांचे झाड उभे राहते आणि प्रत्येक फांदीच्या शेवटी ४८०एम, ५०००एम, १००००एम असा वेग येतो. नवख्याची इथे एक गल्लत होते. कंट्रोलर एकच असला तरी झाडात दोन मुळे दिसतात, एक २.० चे आणि एक ३ चे. कारण ३.० च्या पोर्टात जुने आणि नवे असे तारांचे दोन संच शेजारी-शेजारी असतात आणि संगणक त्यांना दोन स्वतंत्र मार्ग मानतो. पहिल्या मुळाखाली बारा पोर्ट आणि दुसऱ्याखाली सहाच, असेही दिसते. लॅपटॉपच्या आतला कॅमेरा आणि ब्लूटूथही यूएसबीवरच जोडलेले असतात आणि त्यांना २.० पुरते. तेव्हा मुळे आणि आकडे मोजत बसू नये. वेगवान एसएसडी एका पोर्टात लावावी, आज्ञा द्यावी, एसएसडीच्या फांदीपुढचा आकडा वाचावा, आणि पुढच्या पोर्टाकडे वळावे.

परीक्षेला एसएसडीच का, हाही प्रश्न रास्त आहे. माउस लावून काही कळणार नाही. माउस स्वतःच्या माहितीत ‘यूएसबी २.०’ अशी नोंद देतो आणि चालतो बहुधा १.५ किंवा १२ मेगाबिटवर, कारण ती नोंद तो कोणत्या मानकाप्रमाणे बनवला हे सांगते, वेग नाही. स्वस्त पेनड्राइव्ह ५ गिगाबिटचा दुवा जोडेल, पण लिहिताना त्याच्या आतली मेमरीच दमते आणि फाइल उतरायला लागलेल्या वेळावरून पोर्टाबद्दल चुकीचा निष्कर्ष निघतो. १० गिगाबिटची एसएसडी असेल तर फरक स्वच्छ दिसतो: सेकंदाला ४० एमबीच्या आसपास म्हणजे २.०, ४०० ते ४५० म्हणजे ५ गिगाबिट, ९०० च्या वर म्हणजे १० गिगाबिट. २० गिगाबिटची जेन २×२ एसएसडी विकत घेण्याआधी मात्र पोर्टाच्या माहितीपत्रकात ते शब्द आहेत का हे पाहावेच. यूएसबी ४ मध्ये जेन २×२ ऐच्छिक आहे, त्यामुळे ४० गिगाबिटच्या महागड्या पोर्टावरही अशी डिस्क अनेकदा १० वरच उतरते.

विजेचा हिशेब वेगळा ठेवावा. २.० चे पोर्ट ५०० मिलिअँपिअर आणि ३.० चे ९०० मिलिअँपिअर देते हे जुने गणित टाइप सीवर लागू राहिलेले नाही. तिथे पॉवर डिलिव्हरी २४० वॉटपर्यंत जाते आणि तिचा माहितीच्या वेगाशी संबंध नाही. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून फोनला टाइप सी सक्तीचे केले आणि आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने टाइप सीचे मानक स्वीकारले, याचा आनंद आहे. पण युरोपची ती सक्ती चार्जिंगपुरती आहे. पोर्टाशेजारी वेग छापण्याची सक्तीही तितकीच गरजेची होती, ती तिथे केलेली नाही.

२.० चे पोर्ट सापडले म्हणून ते टाकाऊ समजू नये. कीबोर्ड, प्रिंटर, बिनतारी माउसचा छोटा रिसीव्हर यांची खरी जागा तीच. इंटेलने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले आहे की ३.० चा दुवा चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट पसरतो, आणि नेमके तिथेच बिनतारी माउस बोलतात. एसएसडीवर फाइल उतरत असताना शेजारचा माउस अडखळू लागला तर कारण हे असू शकते. विंडोज ७ चालवणाऱ्या जुन्या यंत्रांवरही २.० लागते, कारण त्या प्रणालीत ३.० चा ड्रायव्हर मुळातून नव्हता, तो विंडोज ८ पासून आला. पेनड्राइव्हवरून विंडोज ७ बसवताना ३.० चे पोर्ट वापरले तर बसवणाऱ्या प्रोग्रामला पुढे तो पेनड्राइव्हच दिसेनासा होतो.

जुना लॅपटॉप घ्यायला जाताना खिशात १० गिगाबिटची एसएसडी आणि तिचीच केबल ठेवावी, आणि विक्रेत्यासमोर प्रत्येक पोर्ट तपासावे. नव्या यंत्राच्या बाबतीत दुकानदाराला ‘यूएसबी ३ आहे का’ असे विचारू नये. ‘आहे’ हे उत्तर नेहमीच खरे असते. मॉडेलचा पूर्ण क्रमांक घेऊन कंपनीच्या माहितीपत्रकात प्रत्येक पोर्टासमोर जीबीपीएसचा आकडा शोधावा, आणि तो नसेल तर तसे स्पष्ट विचारून लेखी घ्यावे. घरच्या यंत्राची तपासणी झाली की प्रत्येक पोर्टाशेजारी कागदी टेपचा तुकडा चिकटवून त्यावर ०.४८, ५, १० असा आकडा लिहून टाकावा, म्हणजे घरातल्या दुसऱ्या कुणालाही डिस्क कुठे लावायची आणि माउस कुठे हे विचारावे लागत नाही.